तळमजल्यावरचा

नाव बाउन्स बफर. मुक्काम संगणकाच्या मेमरीत, अगदी खालच्या पत्त्यांवर. संगणक सुरू होत असतो, बाकीच्या मेमरीवर अजून कुणी हक्क सांगितलेला नसतो, तेव्हाच कर्नल त्याच्यासाठी जागा राखून ठेवतं. लिनक्सवर ती जागा एरवी ६४ मेगाबाइटची. तिचे दोन-दोन किलोबाइटचे खण पाडलेले, एकूण ३२,७६८. सलग १२८ खणांपेक्षा जास्त तो कुणा एकाला देत नाही, त्यामुळे एका खेपेला २५६ किलोबाइटपलीकडे त्याच्याच्यानं उचलवत नाही. बूटच्या लॉगमध्ये त्याची एक ओळ उमटते. 'सॉफ्टवेअर आयओ टीएलबी' हे त्याचं दफ्तरी नाव, पुढे चौकटी कंसात सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता, आणि शेवटी ६४ एमबी. शेकडो ओळी झरझर वर सरकत असताना ही ओळ कुणाच्या नजरेत भरत नाही. काही यंत्रांवर त्याला आयुष्यभर एकही काम येत नाही. काही यंत्रांवर मात्र डिस्कवरून आलेला जवळजवळ सगळा डेटा त्याच्या हातून गेलेला असतो.

त्याचं काम समजून घ्यायचं तर डिस्क आणि मेमरी यांचा व्यवहार कसा चालतो ते आधी बघावं लागतं. डिस्कवरचा डेटा प्रोसेसर स्वतः एकेक करून उचलत बसत नाही. ड्रायव्हर डिस्कच्या कंट्रोलरला दोनच गोष्टी सांगतो, मेमरीतला पत्ता आणि लांबी. पुढचं कंट्रोलर बघतो. प्रोसेसरला मध्ये न घेता तो थेट त्या पत्त्यावर डेटा लिहितो आणि काम झालं की इंटरप्ट देऊन कळवतो. याला डीएमए म्हणतात. सगळी वेगवान साठवण याच पायावर उभी आहे.

घोडं अडतं ते पत्त्यापाशी. कंट्रोलरच्या चिपमध्ये पत्ता ठेवायला जेवढे बिट दिलेत, तेवढ्याच पत्त्यांपर्यंत त्याचा हात पोचतो. २४ बिट असतील तर पहिले १६ मेगाबाइट, ३२ असतील तर पहिले ४ गिगाबाइट. त्यापुढे मेमरी असली तरी त्या कंट्रोलरच्या लेखी ती नाहीच. ही मर्यादा सिलिकनमध्ये कोरलेली असते. ड्रायव्हर कितीही हुशारीनं लिहिला तरी ती एका बिटानंही वाढत नाही.

आता एखाद्या प्रोग्रामचा बफर दहाव्या गिगाबाइटात बसलेला आहे आणि डिस्कचा कंट्रोलर ३२ बिटांचा आहे. अशा वेळी हा पुढे येतो. जिने चढायला तयार नसलेला कुरिअरवाला चाळीतल्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात पार्सल टाकून जातो आणि त्या घरातलं कुणीतरी ते तिसऱ्या मजल्यावर नेऊन देतं, तसा हा व्यवहार. कंट्रोलरला खालचा, त्याला झेपेल असा पत्ता दिला जातो. डेटा खालच्या खणात उतरतो. मग प्रोसेसर तो तिथून उचलून वरच्या खऱ्या बफरात नक्कल करतो. डिस्कवर लिहायचं असेल तर उलट क्रम, आधी वरून खाली नक्कल आणि मग कंट्रोलरला हाक. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. कंट्रोलरलाही कळत नाही. दोघांचाही समज असाच की आपण समोरासमोर व्यवहार केला.

त्याची गरज पीसीच्या पहिल्या दिवसापासूनची. १९८१ साली आयबीएम पीसी आला, त्यात डीएमएसाठी इंटेलची ८२३७ ही चिप होती. तिचा पत्ता मोजणारा काउंटर १६ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबाइटपुरता. पीसीचे पत्ते मात्र २० बिटांचे. वरचे चार बिट ठेवायला आयबीएमनं शेजारी वेगळं रजिस्टर बसवलं. पण खालचा काउंटर भरून पुन्हा शून्यावर आला, तरी हातचा एक त्या रजिस्टरकडे जातच नसे. फ्लॉपीवरचा ५१२ बाइटांचा एक सेक्टर घ्या. तो मेमरीत अशा जागी वाचायचा आहे, की ६४ किलोबाइटची सीमा त्याच्या बरोबर मध्यावर पडते. पहिले २५६ बाइट नीट जागेवर जातील. उरलेले २५६ बाइट त्याच ६४ किलोबाइटच्या तुकड्याच्या सुरुवातीला जाऊन पडतील, तिथे आधी जे काही असेल ते पुसून. कंट्रोलर म्हणणार काम झालं. घोटाळ्याचा कुणालाच मागमूस नाही. म्हणून बायॉसला अशा मागण्या आधीच ओळखून नाकाराव्या लागत आणि त्यासाठी इंटरप्ट १३च्या उत्तरांमध्ये एक वेगळा एरर कोड ठेवावा लागला. ०९, म्हणजे डीएमए ६४ केची सीमा ओलांडतोय. ड्रायव्हर लिहिणारे मग सीमा न ओलांडणारा एक छोटा बफर स्वतःजवळ बाळगत, अडचणीचा सेक्टर आधी त्यात उतरवून घेत आणि नंतर जिथे हवा तिथे नेत. हाच तो, लहानपणीचा.

नव्वदच्या दशकात ज्यांनी डॉस आणि विंडोज ३.१ वर काम केलं, त्यांच्यातल्या काहींच्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्येही तो नाव बदलून राहत होता. स्मार्टड्राइव्हच्या ओळीपुढे 'डबल बफर' असं लिहिलेलं असे. मेमरी सांभाळणारं ईएमएम३८६ चालू झालं, की प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता यांची फारकत होई. स्वतः डीएमए करणाऱ्या स्कझी कार्डाला मात्र खरा पत्ताच कळे. मध्ये कुणीतरी असा हवा होता, ज्याचा दिसणारा आणि खरा पत्ता एकच आहे. ती ओळ नेमकी कशासाठी आहे हे फारच थोड्यांना माहीत असे. पण ज्या यंत्राला ती लागायची, तिथून ती काढली तर डिस्कवरच्या फाइलींचं काही खरं नसे.

त्या काळातलं अडॅप्टेकचं एएचए-१५४२ हे स्कझी कार्ड फार चाललं. आयसा बसवरचं कार्ड, पत्ता २४ बिटांचा. लिनक्सचा त्याचा ड्रायव्हर प्रत्येक पत्त्याचे तीन बाइट करून कार्डाच्या हाती देत असे, कारण चौथ्या बाइटला कार्डात जागाच नव्हती. प्रोसेसर ३८६ किंवा ४८६, म्हणजे ३२ बिटांचा. यंत्रात १६ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी घातली, की खरी परीक्षा सुरू. सतराव्या मेगाबाइटच्या शेवटी असलेल्या पत्त्यावर लिहायला सांगितलं आणि वरचा बाइट गळाला, तर लिहिलं जाणार पहिल्या मेगाबाइटच्या शेवटी. तिथून जरा पुढे सरकलं, की लिनक्सचं कर्नल स्वतः बसलेलं असे. फाइल वाचायला गेलेलं यंत्र स्वतःच्याच मेंदूवर लिहून बसणार. या अपघातापासून वाचवायला बाउन्स बफर १६ मेगाबाइटच्या आत दबा धरून बसलेला असे. कर्नलनं मेमरीचा तो खालचा पट्टा 'झोन डीएमए' या नावानं वेगळा काढला होता, आणि तिथली पानं साध्यासुध्या कामाला सहसा देऊ नयेत असा शिरस्ता होता.

त्याचं आजचं रूप २००० सालचं. इटेनियम प्रोसेसरवर लिनक्स आणलं जात होतं. मेमरी ४ गिगाबाइटच्या कितीतरी पुढे जाणार होती, पण पीसीआय बसवर लावायची बरीच कार्डं ३२ बिटांचीच होती. पत्ते बदलून देणारं हार्डवेअर नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरनं करावं, असं ठरलं. असित मलिक, गौतम राव आणि ह्यूलेट-पॅकार्डचे डेव्हिड मोसबर्गर यांची नावं त्याच्या कोडच्या फाइलच्या माथ्यावर आजही आहेत. पुढे २००३ साली एएमडीचा ऑप्टेरॉन आला. त्याच्याकडे ग्राफिक्सच्या एजीपीसाठी पत्ते बदलणारं हार्डवेअर होतं, लिनक्सवाल्यांनी तेच डिस्कच्या कामाला जुंपलं. २००४ मध्ये इंटेलचे ६४ बिटांचे झिऑन आले, त्यांच्याकडे तेवढंही नव्हतं. मग इटेनियमवरून या गड्याला बोलावून घेतलं गेलं आणि तेव्हापासून तो साध्या पीसीवरही राहायला आला.

बऱ्याच जणांना वाटतं, की यंत्रात नेमकी ४ गिगाबाइट मेमरी असेल तर ३२ बिटांच्या कंट्रोलरला काही अडचण नाही. तसं नसतं. ४ गिगाबाइटच्या खालचा एक मोठा पट्टा पीसीआय कार्डांच्या पत्त्यांसाठी राखलेला असतो. त्या पट्ट्याआड गेलेली मेमरी वाया जाऊ नये म्हणून चिपसेट तिला उचलून ४ गिगाबाइटच्या वरचे पत्ते देतो. म्हणजे चारच गिगाबाइट असूनही त्यातली काही कंट्रोलरच्या हाताबाहेर. मेमरी वाढवल्यावर डिस्क उगाचच मंदावली असं कुणी तेव्हा म्हणालं, तर हे कारण तपासून पाहण्याजोगं होतं.

या पात्राचा सगळा धर्म एका गोष्टीवर टिकून आहे. ड्रायव्हरनं खरं सांगितलं पाहिजे. प्रत्येक ड्रायव्हर सुरुवातीलाच कर्नलला डीएमए मास्क सांगतो, म्हणजे माझं उपकरण इतक्या बिटांपर्यंतचे पत्ते हाताळू शकतं अशी कबुली देतो. पुढचं सगळं कर्नल त्या शब्दावर ठरवतं. बफरचा पत्ता मास्कच्या आत असेल तर थेट व्यवहार, बाहेर असेल तर बाउन्स बफरमार्फत. ड्रायव्हर बोललाच नाही, तर ३२ बिट गृहीत धरले जातात. हात आखूड असताना लांब सांगितला, तर बाउन्स बफरला हाकच जात नाही. कंट्रोलर भलत्याच पत्त्यावर लिहून मोकळा होतो आणि यंत्र आनंदानं पुढे चालू राहतं. कधी दोन तासांनी, कधी दोन महिन्यांनी एखादी फाइल उघडत नाही. तेव्हा कारण शोधायला बसलेला माणूस डिस्कवर, केबलवर, रॅमवर, सगळ्यांवर संशय घेतो. मास्ककडे त्याचं लक्ष सर्वांत शेवटी जातं.

कधी कधी ड्रायव्हर प्रामाणिक असतो आणि खोटं हार्डवेअर बोलतं. एटीआयच्या एसबी६०० या चिपसेटचं उदाहरण लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये कायमचं नोंदलेलं आहे. साटा डिस्कच्या एएचसीआय कंट्रोलरला एक क्षमतांचं रजिस्टर असतं. त्याचा सर्वांत वरचा, ३१ क्रमांकाचा बिट १ असेल, तर त्याचा अर्थ मला ६४ बिटांचे पत्ते चालतात. एसबी६०० हा बिट १ दाखवायचा. ड्रायव्हरनं विश्वास ठेवला, पण काही मदरबोर्डांवर ४ गिगाबाइटच्या वरचा व्यवहार बिघडायचा. मग लिनक्सनं ठरवलं, की हा कंट्रोलर काहीही म्हणो, त्याला ३२ बिटांचाच समजायचं. पुढे असं दिसलं, की दोष सगळ्या बोर्डांवर नाही, काहींचा तो नव्या बायॉसनं जातो. असूस एम२ए-व्हीएम या बोर्डाची नोंद पाहा. बायॉसची ०९०१ ही आवृत्ती बिघडलेली आढळली आणि २६ ऑक्टोबर २००७ ची १५०१ ही चांगली. ड्रायव्हर बूटच्या वेळी बोर्डाचं नाव वाचतो, बायॉसची तारीख वाचतो आणि मगच ६४ बिटांची परवानगी देतो. बोर्ड यादीत नसेल तर ३२ बिट आणि वरच्या पत्त्यांसाठी बाउन्स बफर. मला हा तुकडा ड्रायव्हर लेखनातला अत्यंत सज्जन तुकडा वाटतो. कुठल्या तरी माणसानं एका स्वस्त मदरबोर्डाच्या दोन बायॉस आवृत्त्या पडताळून पाहिल्या, तारीख लिहून ठेवली आणि अनोळखी माणसांच्या फाइली वाचवल्या.

त्याच्या स्वभावातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे संकटातली शिल्लक. मेमरी संपत आली, की कर्नल काही पानं डिस्कवर लिहून मोकळी करायला निघतं. पण त्या डिस्कला वरचे पत्ते झेपत नसतील, तर लिहिण्यासाठी आधी खाली बाउन्सची जागा हवी. म्हणजे मेमरी मोकळी करायला मेमरी पाहिजे आणि ती तर संपलेली. इथे यंत्र जागच्या जागी गोठलं असतं. त्यावर उपाय म्हणून लिनक्सच्या ब्लॉक थरानं बाउन्ससाठी ६४ पानांचा साठा कायम बाजूला ठेवला होता आणि आयसाच्या जुन्या कार्डांसाठी आणखी १६ पानांचा. एरवी त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळे दरवाजे बंद झाले तरी निदान थोडंथोडं लिहिणं सुरू राहील, लिहिलेलं डिस्कवर पोचलं की तीच पानं पुन्हा हाताशी येतील, आणि यंत्र हळूहळू का होईना, बाहेर निघेल. हा साठा किती लहान होता याचं महत्त्व नव्हतं, तो कधीच कायमचा संपत नसे यात त्याचं सारं सामर्थ्य होतं.

दोष त्याच्यात आहेतच. पहिला म्हणजे खर्च. प्रत्येक बाइट एकदा जास्त नकलला जातो. त्यासाठी प्रोसेसरचा वेळ जातो, मेमरीची रुंदी जाते आणि कॅशमधला कामाचा डेटा बाहेर ढकलला जातो. संथ फिरणाऱ्या डिस्कपुढे हे खपून जायचं, एनव्हीएमईच्या वेगापुढे खपत नाही. दुसरा दोष म्हणजे जागा भरणं. एकदम खूप मागण्या आल्या, की खण संपतात आणि लॉगमध्ये 'एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल' ही ओळ येते, पुढे एकूण किती खण आणि किती वापरात याचे आकडे. चांगला ड्रायव्हर ती मागणी थोडी थांबवून पुन्हा पाठवतो. निष्काळजी ड्रायव्हर पत्ता मिळाला की नाही हे न तपासताच पुढे जातो, आणि मग जे होतं ते फार वाईट असतं.

तिसरा दोष एनव्हीएमईनं उघडा केला. एनव्हीएमईला पत्त्यांची जी यादी द्यायची, तिच्यात पहिला सोडून बाकीचे सगळे पत्ते पानाच्या सुरुवातीचे असावे लागतात. त्यामुळे मूळ बफर पानात ज्या अंतरावर सुरू होत असेल, त्याच अंतरावर बाउन्सचाही सुरू व्हायला हवा. हा मात्र दोन किलोबाइटच्या खणात सापडेल तिथून सुरुवात करून द्यायचा. २०२१ मध्ये ड्रायव्हरला हे अंतर जपायला सांगण्याची सोय झाली आणि एनव्हीएमईच्या ड्रायव्हरनं ती लगेच वापरली.

चौथा दोष गंभीर होता आणि तो २०२२ च्या सुरुवातीला दुरुस्त करायला घेतला गेला. डिस्कला 'टेस्ट युनिट रेडी' अशी एक स्कझी आज्ञा देता येते. तयार आहेस का, एवढंच विचारणारी. तिच्या उत्तरात डेटा काहीच येत नाही. पण एखाद्या प्रोग्रामनं तिच्यासोबत मुद्दाम बफर जोडला आणि डेटा घेऊन ये म्हटलं, तर काय व्हायचं? बाउन्स बफर एक खण द्यायचा, डिस्क त्यात काहीच लिहायची नाही, आणि काम संपलं की हा इमानेइतबारे तो अख्खा खण वर नेऊन द्यायचा. खणात आधीच्या कुणाचा तरी डेटा पडलेला असे, तो परक्याच्या हाती. आधीच्या खेपेचा खण न धुता पुढच्याला देणं ही त्याची चूक कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती. उपाय असा निघाला, की उपकरणाकडून वाचायचं असलं तरी आधी वरच्या बफरातलं आहे तेच खाली उतरवून घ्यायचं. उपकरणानं जेवढं लिहिलं तेवढं बदलेल, बाकीचं मालकाचं मालकाला परत. त्यासाठी एक नक्कल वाढली. दुरुस्तीच्या सुधारित रूपानं एथ९के हा वायफायचा ड्रायव्हर बिघडला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनं ते मागे घेतलं आणि त्यातला गरजेचा तेवढा भाग पुन्हा घातला. लोकांच्या डेटाचं गुपित राखायचं तर ही जास्तीची नक्कल देणं लागतंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याला निरोप द्यायचे प्रयत्न बरेच झाले. पत्ते बदलून देणारं खास हार्डवेअर, आयओएमएमयू, पीसीत सर्रास आलं आणि वरच्या मेमरीचा पत्ता कंट्रोलरला झेपेल अशा खालच्या पत्त्याच्या रूपात दाखवता येऊ लागला, नक्कल न करता. २०२१ मध्ये ख्रिस्टॉफ हेलविग यांनी लिनक्सच्या ब्लॉक थरातली आयसा कार्डांसाठीची बाउन्सची व्यवस्था काढून टाकली. एएचए-१५४२ चा ड्रायव्हर तरीही राखला, फक्त त्याला स्वतःचा छोटा बाउन्स बफर स्वतः सांभाळायला सांगितलं. २०२५ मध्ये ब्लॉक थरातलं उरलेलं बाउन्सचं कामही गेलं. मला हे योग्यच वाटतं. ड्रायव्हर मास्क सांगतो तो डीएमएच्या थराला, मग पत्त्यांची काळजीही त्याच थरानं घ्यावी. एकच काम दोन ठिकाणी चाललं तर चूक कुणाची ते कळेनासं होतं.

पण त्या दुसऱ्या थरात तो ठाम आहे. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ आलं, ४ गिगाबाइटपर्यंत मेमरी घेऊन, आणि पुढच्या वर्षी ८ गिगाबाइटचं. त्याच्या बीसीएम२७११ चिपच्या पहिल्या आवृत्तीत एसडी कार्डाच्या कंट्रोलरचा हात पहिल्या १ गिगाबाइटपर्यंतच पोचायचा आणि यूएसबी ३ ज्याच्यावरून चालतं त्या पीसीआय एक्स्प्रेसचा ३ गिगाबाइटपर्यंत. आयसाच्या काळातली गोष्ट एका तळहाताएवढ्या बोर्डावर पुन्हा घडली. लिनक्स ५.५ मध्ये ६४ बिटांच्या आर्मसाठी खालच्या पहिल्या गिगाबाइटाचा वेगळा पट्टा करावा लागला, आणि बाउन्स बफरला तिथे घर मिळालं. चिप आखली जाते तेव्हा मेमरी महाग असते. पत्त्याचे चार बिट वाचवले तर थोडी जागा वाचते. यंत्र विकलं जाईपर्यंत मेमरी स्वस्त झालेली असते. हे थांबेल असं मानायला मला एकही कारण दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत तर त्याला अगदी नवं काम मिळालं आहे, आणि त्यात पत्त्याच्या लांबीचा काही संबंध नाही. एएमडीच्या एसईव्ही किंवा इंटेलच्या टीडीएक्सवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी गुप्त लिपीत असते. क्लाउडच्या मालकालाही ती वाचता येऊ नये, हा हेतू. पण मग त्या मशीनच्या डिस्कला डेटा द्यायचा कसा? डिस्कचं सोंग घेणारा व्हर्टआयओ बाहेर, मालकाच्या बाजूला बसलेला. म्हणून एक ठरावीक पट्टा उघडा ठेवला जातो, आत-बाहेर करणारा सगळा डेटा त्याच पट्ट्यातून जातो, आणि तो पट्टा म्हणजे हाच बाउन्स बफर. एसईव्हीवर लिनक्स त्याला मशीनच्या मेमरीचा सहा टक्के भाग देतं, जास्तीत जास्त १ गिगाबाइट. आता वाटेत दुसरा रस्ता नाही, प्रत्येक ब्लॉक त्याच्यामार्फतच. थंडरबोल्टवर लावलेल्या अनोळखी उपकरणाच्या बाबतीतही लिनक्स ५.४ पासून इंटेलच्या यंत्रांवर असंच होतं. आयओएमएमयू पानाच्या मापानं उघडझाक करतं, आणि अर्ध्या पानाचा बफर उघडला तर उरलेल्या अर्ध्यातलं परकं काहीतरी उपकरणाला दिसतं. म्हणून असा बफर आधी त्याच्या स्वच्छ पानात उतरवला जातो आणि उपकरणाला तेवढंच दाखवलं जातं. आखूड हाताच्या उपकरणांची सोय म्हणून आलेला हा आता परक्यांना घरात शिरू न देण्याच्या कामावर आहे, आणि ते काम तो नीट करतो.

पुण्यात साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर आणि ड्रायव्हरवर काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्यातली नवी मुलं हे वाचत असतील तर त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. मास्क सांगणाऱ्या फंक्शननं परत दिलेलं मूल्य तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बफरचा पत्ता मागितल्यावर तो खरोखर मिळाला का, हे विचारणारं दुसरं फंक्शन प्रत्येक वेळी बोलवा. उपकरण आणि प्रोसेसर एकच बफर आळीपाळीनं वापरत असतील तर मधली सिंक विसरू नका, कारण तुमच्या टेबलावरच्या यंत्रात बाउन्स होत नसेल तर ती चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रात पहिल्याच दिवशी दिसेल. ती आधीच दिसावी यासाठी कर्नलला बूटच्या वेळी 'एसडब्ल्यूआयओटीएलबी' बरोबर 'फोर्स' एवढं सांगता येतं. मग उपकरणाचा हात कितीही लांब असो, डीएमएचा सगळा व्यवहार बाउन्स बफरमधूनच होतो. ड्रायव्हर पाठवायच्या आधी एक रात्र त्याला असं चालवा, डिस्कवर लिहा, परत वाचा आणि चेकसम ताडून पाहा.